संगणकाच्या सभेंतील शिस्त

दहा माणसें एकाच वेळीं बोलूं लागलीं, तर कोणाचेंच म्हणणें कोणास समजत नाहीं. म्हणूनच सभेला अध्यक्ष लागतो. संगणकाभोंवतीं जमलेल्या उपकरणांची स्थिति अशीच असते. कळफलक, माउस, प्रिंटर, पेनड्राइव्ह या सर्वांना संगणकाशीं बोलावयाचें असतें. त्यांच्या संभाषणाला शिस्त लावणारी जी व्यवस्था आज घरोघरीं रूढ झाली आहे, ती यूएसबी होय.

ही व्यवस्था येण्यापूर्वीं बहुतेक उपकरणांसाठीं संगणकाच्या पाठीमागें निराळी खांच असे. प्रिंटरच्या जाड केबलींत आठ तारांवरून आठ बिट एकदम धांवत. एका वाटेपेक्षां आठ वाटा बऱ्या, असें सकृद्दर्शनीं वाटतें. परंतु गति वाढली कीं एका तारेवरील बिट अगोदर, तर दुसरीवरील मागाहून पोंचतो आणि मेळ बिघडतो. बिट एकामागून एक पाठविले, तर हा प्रश्न उरत नाहीं, आणि केबलही बारीक व स्वस्त होते. याच तत्त्वावर १९९६ सालीं यूएसबीची पहिली आवृत्ति प्रसिद्ध झाली. तिच्या शिल्पकारांपैकीं इंटेल कंपनींतील अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर होत.

मूळच्या केबलींत चारच तारा असतात. दोन तारा पांच व्होल्टची वीज पुरवितात. उरलेल्या दोन संदेश नेतात. या दोहोंपैकीं एकीवरील दाब चढला कीं दुसरीवरील उतरतो, आणि त्यांतील फरक तेवढा मोजला जातो. बाहेरील विजेचा उपद्रव दोहोंना सारखाच होतो; फरक मात्र अबाधित राहतो. पहिल्या आवृत्तींत सेकंदास १ कोटि २० लक्ष बिट जात. २००० सालच्या आवृत्तींत हा वेग ४८ कोटींवर गेला.

या दोन्ही आवृत्त्यांतील संभाषणाचा मुख्य नियम असा, कीं विचारल्यावांचून कोणीं बोलावयाचें नाहीं. माउस हलला तरी तो आपण होऊन कांहीं कळवीत नाहीं. संगणक सेकंदांत बहुधा शंभराहून अधिक वेळां त्याची विचारपूस करतो, तेव्हां तो उत्तर देतो. नवें उपकरण जोडलें म्हणजे त्याचा क्रमांक प्रथम शून्य असतो. संगणक त्यास १ ते १२७ पैकीं एक क्रमांक देतो आणि तें कोण आहे, याची चौकशी करतो. पेनड्राइव्हकडे जाणाऱ्या मजकुराच्या प्रत्येक तुकड्याअखेर एक पडताळ्याचा आंकडा असतो. तो जुळला तर पोंच मिळते. न जुळल्यास तोच तुकडा पुन्हां पाठविला जातो.

एवढ्या काटेकोर व्यवस्थेंत एक उणीव मात्र राहिली आहे. पाहुण्यानें जें नांव सांगितलें, तेंच अध्यक्ष खरें मानतो. २०१४ सालीं जर्मन संशोधकांनीं हें प्रत्यक्ष करून दाखविलें. त्यांनीं पेनड्राइव्हच्या आंतील आज्ञावलि बदलली. तेव्हां त्यानें आपण कळफलक असल्याचें सांगितलें, आणि जणूं मालकच टंकलेखन करीत आहे अशा थाटांत संगणकाला हुकूम सोडले. वरून तो साधा पेनड्राइव्हच दिसत होता. म्हणून रस्त्यांत सांपडलेला किंवा अनोळखी माणसानें दिलेला पेनड्राइव्ह घरच्या संगणकास लावूं नये. तारा चुका ओळखतात, पाहुण्याचा हेतु ओळखीत नाहींत. ती पारख घरच्या माणसांनींच केली पाहिजे.