हुशारीचा शिक्का, कष्टांची वाट
शिकण्याचं शास्त्र : लेखांक ५

पुस्तक पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा ते मिटून, वाचलेलं आठवून पाहिलं तर जास्त टिकतं, हे आपण गेल्या आठवड्यात पाहिलं. पण आठवायला बसलं की चुका होतात, मध्येच अडायला होतं. त्यानंतर माणूस काय करतो, हे बरंचसं तो त्या अडण्याचा अर्थ कसा लावतो यावर ठरतं. ‘अजून जमत नाहीये’ असं ज्याला वाटतं तो दुसरी रीत शोधतो. ‘आपल्यात ते नाहीच’ असं ज्याला वाटतं तो वही मिटून ठेवतो. आजचा लेख या दोन समजुतींविषयी आहे.

बुद्धी मोजण्याच्या इतिहासातच या दोन्ही समजुती समोरासमोर उभ्या आहेत. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये पहिली वापरात आणण्याजोगी बुद्धिमापन चाचणी तयार केली. शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना वेगळी मदत देता यावी, हा त्यामागचा हेतू होता. बुद्धी म्हणजे जन्मतः ठरलेली, कधीच न वाढणारी मात्रा आहे, या मताला बिने यांनी १९०९ च्या आपल्या पुस्तकात कडाडून विरोध केला. लक्ष देणं, आठवणं, पारखणं हे सरावानं सुधारता येतं, असं ते मांडत होते. दोनच वर्षांनी त्यांचं निधन झालं. पुढे १९१६ मध्ये अमेरिकेत लुईस टर्मन यांनी त्याच चाचणीची स्टॅनफर्ड आवृत्ती काढली, आणि बुद्धी प्रामुख्यानं वारशानं येते अशी टर्मन यांची ठाम धारणा होती. मदत कुणाला हवी हे सांगण्यासाठी काढलेला आकडा आता माणसाची कायमची लायकी सांगू लागला.

असा शिक्का वाईट असेल तर मुलाचं नुकसान होतं, हे कुणालाही पटेल. पण चांगला शिक्काही नुकसान करतो का? क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून याचं उत्तर मिळालं.

पाचवीतल्या मुलांना आकृत्यांची कोडी सोडवायला दिली. कोडी बेताची होती. ‘छान सोडवलीस’ असं सर्वांनाच सांगितलं. मात्र काही मुलांच्या कौतुकात ‘तू हुशार असणार’ असं एक वाक्य जोडलं आणि काहींच्या कौतुकात ‘तू खूप मेहनत घेतली असणार’ असं. मग विचारलं, आता कोणती कोडी हवीत? जी सहज जमतील आणि हुशारी दाखवता येईल अशी, की हुशार दिसलो नाही तरी चालेल पण ज्यांतून खूप शिकता येईल अशी? हुशारीचं कौतुक झालेल्यांपैकी ६७ टक्के मुलांनी हुशारी दाखवता येईल अशी कोडी निवडली. मेहनतीचं कौतुक झालेल्यांत हे प्रमाण फक्त ८ टक्के होतं.

यानंतर सर्वांना फार अवघड कोडी दिली आणि ती नीट जमली नाहीत असं सांगितलं. शेवटी पुन्हा पहिल्याइतकीच सोपी कोडी आली. हुशारीचं कौतुक ऐकलेल्या मुलांचे गुण पहिल्यापेक्षा घसरले आणि मेहनतीचं कौतुक ऐकलेल्यांचे वाढले. आपले गुण दुसऱ्या शाळेतल्या मुलांना लिहून कळवायला सांगितले, तेव्हा पहिल्या गटातल्या जवळपास ४० टक्के मुलांनी ते खोटे, वाढवून लिहिले.

ही मुलं मुळात खोटारडी नव्हती. यश हा हुशारीचा पुरावा ठरला, की अपयश आपोआप मूर्खपणाचा पुरावा ठरतं. तो पुरावा लपवावासा वाटणं साहजिक आहे. मेहनतीचं कौतुक ऐकलेल्या मुलाला मात्र अपयशातून वेगळी माहिती मिळते: इथे आणखी काही करून पाहायला हवं. समजुतीचं बळ हेच आहे. ती गुण थेट वाढवत नाही, अडल्यानंतरचं पाऊल बदलते.

मग मुलांना नुसतं ‘बुद्धी वाढते’ असं पटवून दिलं की झालं? डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ६५ सरकारी शाळांत नववीच्या सुमारे साडेबारा हजार मुलांवर हे तपासलं. संगणकावर एकूण तासाभराहूनही कमी वेळाचा पाठ होता. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. अभ्यासात मागे असलेल्या मुलांची श्रेणी चारपैकी सरासरी ०.१ नं वाढली. वाढ छोटी आहे, पण इतक्या कमी खर्चात झालेली वाढ दुर्लक्ष करण्याजोगीही नाही. त्याहून मोलाची गोष्ट पुढे आहे. ज्या शाळांत सोबतची मुलंही अवघड प्रश्नांना हात घालत होती, तिथे परिणाम जास्त दिसला. शिक्षकांचा स्वतःचाच त्या विचारावर विश्वास नसेल तर हा परिणाम फारसा टिकत नाही, हेही पुढच्या संशोधनात आढळलं. बी चांगलं असलं तरी जमिनीत ओल लागते.

म्हणून ‘कष्ट कर’ एवढंच सांगणं अपुरं आहे, आणि काही वेळा ते अन्यायाचं आहे. ज्या मुलाला समजावून सांगायला कुणी नाही, घरी अभ्यासाला जागा नाही, त्याला ‘तुझेच कष्ट कमी पडले’ म्हणणं म्हणजे आपली जबाबदारी त्याच्या डोक्यावर ठेवणं. कष्टांना रीत लागते आणि अडल्यावर हात देणारं माणूस लागतं.

आपल्याकडच्या शाळांतली तुकड्यांची पद्धत या दृष्टीनं पाहण्यासारखी आहे. गुणांवरून ‘अ’ ते ‘ड’ अशा तुकड्या पाडल्या, की ‘ड’ तुकडीतल्या मुलाला आपली जागा कळते आणि शिक्षकांनाही ती कळते. वर्षानुवर्षं तो तिथेच राहतो. पण मुलांचे गट करणं हाच दोष आहे का? ‘प्रथम’ या संस्थेनं मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत बालसखी उपक्रम चालवला. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं वेगळी बसवायची आणि वस्तीतल्याच शिकलेल्या तरुणीनं त्यांना रोज सुमारे दोन तास पायाभूत वाचन आणि गणित शिकवायचं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात त्याची कसून तपासणी केली. मुलांचे गुण वाढले, आणि सर्वांत जास्त फायदा मागे पडलेल्यांना झाला. पुढे याच अनुभवातून मुलांना इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीनुसार बसवण्याची पद्धत आकाराला आली: अक्षर ओळखणारी, शब्द वाचणारी, परिच्छेद वाचणारी, गोष्ट वाचणारी. मूल पुढे गेलं की त्याचा गट बदलतो.

इथेही गट आहेत, पण गट म्हणजे आजचा मुक्काम आहे. मूल पुढे जाणार हे गृहीत धरूनच सगळी आखणी होते. बिने यांना चाचणीकडून हेच हवं होतं. समजूत भिंतीवरच्या सुविचारात राहते तेव्हा तिचा उपयोग थोडा असतो. ती वेळापत्रकात, गटांत, शिकवण्याच्या रीतीत उतरते तेव्हा मुलं खरोखर पुढे सरकतात.

घरातही हे करता येतं. या आठवड्यात मुलाची उत्तरपत्रिका हाती आली, तर एकूण गुणांआधी चुकलेलं एक उदाहरण निवडा. ‘इथे कसा विचार केलास?’ असं विचारा आणि पुढची पायरी दोघांनी मिळून शोधा. बरोबर आलेल्या उदाहरणाबद्दलही ‘हुशार आहेस’ म्हणण्याऐवजी कोणती रीत कामी आली ते नेमकं सांगा. पन्नाशीत नवं काही शिकायला बसलेल्या मोठ्या माणसालाही हीच वागणूक द्या, मग ते आपण स्वतः असलो तरी.

आता पुढचा प्रश्न उरतोच: कष्ट करायचे ठरवले, पण नेमके कसे? वर्षानुवर्षं तेच करूनही काहीजण तिथेच का राहतात? अँडर्स एरिक्सन यांनी बर्लिनमधल्या व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांच्या सरावाचा बारकाईनं अभ्यास केला होता. पुढच्या लेखात त्यांच्या सरावखोलीत डोकावू.