आकाशदर्शनाच्या छंदाची मराठी : शब्द, दृश्य आणि छायाचित्र

१. उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस,
• आकाशदर्शनाच्या मराठी शब्दसंपत्तीतील निरनिराळे थर ओळखता येतील;
• एकाच शब्दाचे लोकव्यवहारातील व शास्त्रव्यवहारातील अर्थ वेगळे करून सांगता येतील;
• रात्रीच्या आकाशाचे छायाचित्र शब्दार्थाच्या अभ्यासाला कसे साहाय्यभूत ठरते, हे स्पष्ट करता येईल.

२. प्रस्तावना

निरभ्र रात्र, उघडे माळरान आणि सरावलेली नजर एवढ्या भांडवलावर आकाशदर्शनाचा छंद सुरू होतो. महाराष्ट्रात या छंदाला जुनी परंपरा आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ साली मराठीत प्रसिद्ध झाला. हौशी निरीक्षकांना एकत्र आणणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ साली पुण्यात स्थापन झाली. अलीकडे डिजिटल कॅमेऱ्यामुळे निरीक्षणाला छायाचित्रणाची जोड मिळाली आहे. भाषेच्या अभ्यासकासाठी या छंदाचे महत्त्व वेगळे आहे. शब्दाचा अर्थ कोशात नोंदला जातो; परंतु तो टिकून राहतो ती वस्तू पाहणाऱ्यांच्या व्यवहारात. हा संबंध आकाशाच्या शब्दांइतका स्पष्टपणे क्वचितच दिसतो.

३. विषय-विवेचन

३.१ शब्दसंपत्तीचे तीन थर

पहिला थर लोकभाषेचा. सप्तर्षींतील चार ताऱ्यांचा चौकोन म्हणजे म्हातारीची बाज आणि पुढचे तीन तारे म्हणजे ती बाज पळवणारे तीन चोर, ही कल्पना खेडोपाडी परिचित आहे. मृगातील ओळीने असलेले तीन तारे म्हणजे तिकांडे. ग्रह असूनही शुक्र ‘चांदणी’ म्हणवतो आणि धूमकेतूला ‘शेंडेनक्षत्र’ असे जुने नाव आहे. म्हणजे लोकभाषेत ‘नक्षत्र’ आणि ‘चांदणी’ हे शब्द आकाशात चमकणाऱ्या कोणत्याही वस्तूला लागू पडतात. हे अज्ञान नव्हे. दिसण्यावर आधारलेले ते एक स्वतंत्र वर्गीकरण आहे.

दुसरा थर संस्कृत व पंचांग परंपरेचा. येथे सूर्याच्या वार्षिक मार्गाचे २७ समान भाग कल्पिले असून १३ अंश २० कलांचा प्रत्येक भाग म्हणजे एक नक्षत्र होय. तिसरा थर आधुनिक परिभाषेचा व परकीय शब्दांचा. आंतरराष्ट्रीय संकेतानुसार आकाशाचे ८८ भाग मानले जातात. त्यांना मराठीत ‘तारकासमूह’ म्हणतात. ‘लेन्स’, ‘ट्रायपॉड’, ‘फोकस’ हे शब्दही याच थरातले. मात्र ‘ती लेन्स’, ‘तो ट्रायपॉड’, ‘ट्रायपॉडवर’ असे लिंग व प्रत्यय स्वीकारून ते मराठीच्या व्याकरणात सामावले आहेत.

३.२ ‘मृग’ : एक शब्द, दोन अर्थ

शेतकरी जूनच्या ७ किंवा ८ तारखेस ‘मृग लागला’ असे म्हणतो. त्या रात्री कोणी आकाशात मृग शोधू लागला, तर तो सापडणार नाही. कारण तेव्हा सूर्यच त्या भागात असतो व मृगाचे तारे सूर्याबरोबरच उगवतात, मावळतात. येथे ‘मृग’ या शब्दाचा अर्थ सूर्याची स्थिती आणि त्यावरून ठरणारा पेरणीचा काळ असा आहे. आकाशनिरीक्षकाचा मृग हिवाळ्यातला. जानेवारीच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास तो दक्षिणेकडे डोक्याच्या बराच जवळ असतो. चार कोपऱ्यांतील तारे म्हणजे हरणाचे पाय, मधले तीन म्हणजे त्याला लागलेला बाण, आणि त्या बाणाच्या रेषेत आग्नेयेकडे व्याध. ग्रीक परंपरेत हीच आकृती ओरायन नावाच्या शिकाऱ्याची आहे. तारे तेच, एका भाषेत ते शिकार होतात, दुसरीत शिकारी.

३.३ कॅमेऱ्यापुढील मृग

छायाचित्रासाठी कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवावा, छिद्र शक्य तितके मोठे ठेवावे, आयएसओ १६०० ते ३२०० ठेवावा आणि तेजस्वी ताऱ्यावर हाताने फोकस करावा. पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश तासाला १५ अंश सरकते. म्हणून प्रकाश घेण्याचा काळ फार वाढवल्यास ताऱ्यांच्या बिंदूंच्या रेघा होतात. त्यासाठी छंदिष्टांत एक ढोबळ नियम आहे : ५०० या संख्येला लेन्सच्या मिलिमीटरमधील नाभीय अंतराने भागावे, उत्तर तितके सेकंद. ५० मिलिमीटरच्या लेन्सला १० सेकंद मिळतात, २४ मिलिमीटरच्या लेन्सला सुमारे २०. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात हा काळ आणखी कमी धरावा.

अशा छायाचित्रात काक्षी तांबूस आणि राजन्य निळसर पांढरा उमटतो. डोळ्यांना हा भेद पुसट जाणवतो. बाणाच्या खाली धूसर ठिपका दिसतो. तो तेजोमेघ आहे, सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर. ‘प्रकाशवर्ष’ या समासात ‘वर्ष’ असले, तरी हे अंतराचे एकक आहे : प्रकाश एका वर्षात कापतो ते सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. तीच गोष्ट ‘आकाशगंगा’ आणि ‘दीर्घिका’ यांची. पहिला शब्द आपल्याला दिसणाऱ्या पट्ट्यासाठी रूढ होता. इतर तारकाविश्वांसाठी ‘दीर्घिका’ हा लांबट तळ्याचा अर्थ असलेला जुना संस्कृत शब्द नव्या अर्थाने योजला गेला. परिभाषेतील शब्द असा घडतो. त्याची नेमकी व्याप्ती मात्र व्याख्येनेच ठरते.

३.४ दृश्य हरपले की शब्दाचे काय होते?

शहरी दिव्यांच्या उजेडाने आकाश उजळते आणि मंद तारे दिसेनासे होतात. सप्तर्षींपैकी अत्री हा सर्वांत मंद तारा आहे. त्याची प्रत सुमारे ३.३. बाजेचा एक पाय तोच. उजळलेल्या आकाशात सातांपैकी प्रथम तो लोपतो आणि बाज तीन पायांची उरते. वसिष्ठाजवळची अरुंधती त्याहूनही मंद आहे; विवाहविधीत तिचे नाव घेतले जाते, पण ती दाखवायला गेल्यास शहरात बहुधा दिसत नाही. विधी चालू राहतो, शब्दही उच्चारला जातो. त्याचा निर्देश मात्र रिकामा होतो. काही सेकंदांचे छायाचित्र अत्रीला शहरातूनही टिपू शकते. परंतु त्या चौकोनाला ‘बाज’ म्हणायचे, हे छायाचित्र सांगत नाही. ते जुन्या पिढीकडूनच समजून घ्यावे लागते, आणि तेही वेळीच.

४. सारांश

आकाशाच्या मराठी शब्दसंपत्तीत लोकभाषा, पंचांग परंपरा आणि आधुनिक परिभाषा असे तीन थर आहेत. ‘मृग’, ‘नक्षत्र’, ‘चांदणी’ यांसारख्या शब्दांचा अर्थ थरानुसार बदलतो. म्हणून एका थराच्या कसोटीवर दुसऱ्याला चूक ठरवणे योग्य नाही. छायाचित्र वस्तूची नोंद ठेवते, तिचे नाव भाषिक समाजच टिकवतो.

५. स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१) ‘मृग लागला’ या प्रयोगातील ‘मृग’ आणि आकाशनिरीक्षकाचा ‘मृग’ यांतील अर्थभेद स्पष्ट करा.
२) ‘शेंडेनक्षत्र’ व ‘शुक्राची चांदणी’ या शब्दांच्या आधारे लोकभाषेतील वर्गीकरणाचे तत्त्व सांगा.
३) ‘प्रकाशवर्ष’ आणि ‘दीर्घिका’ या संज्ञांच्या घडणीची चर्चा करा.

६. उपक्रम

एप्रिल-मे महिन्यांत रात्री उत्तरेकडील सप्तर्षींचे छायाचित्र घ्या. ते आपल्या परिसरातील साठीपुढील पाच व्यक्तींना दाखवा. त्यांनी सांगितलेली नावे, त्यांच्या गावाच्या उल्लेखासह आणि उच्चारले तशीच, लिहून ठेवा.