ज्याची हकीकत, त्याचीच लेखणी

डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांना वाचनलेखन साध्यच नाही असे डॉक्टरही निःशंकपणे सांगत, त्या काळी, १९६७ साली, इंग्लंडमधील नायजेल हंट या तरुणाने, आईकडून वाचावयास शिकून, स्वतः टंकलिखित केलेले आत्मकथन आनुवंशिकीचे अभ्यासक पेनरोज यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले, आणि ज्यांची कैफियत इतरांनीच मांडावयाची, त्यांच्यापैकी एकाचा मजकूर वाचकांपुढे आला. अमेरिकेत १९९४ साली जेसन किंग्सली आणि मिचेल लेवित्झ या मित्रांचे ‘काउंट अस इन’ निघाले. शिक्षण, मैत्री, विवाह आणि स्वावलंबन यांविषयीची त्यांची मनमोकळी संभाषणे किशोरांच्या हाती निःसंकोच द्यावीत अशी आहेत, परंतु जन्मसमयीच आपल्याविषयी आशा सोडावयास सांगणाऱ्या प्रसूतितज्ज्ञास जेसनने त्यात दिलेले उत्तर मला सर्वांत मोलाचे वाटते. लहानग्यांसाठी स्टेफनी स्टूव्ह-बोडीन यांचे १९९८ चे ‘वुइल पेंट द ऑक्टोपस रेड’ आहे: नवजात भावाला डाउन सिंड्रोम आहे हे कळल्यावर सहा वर्षांची एम्मा वडिलांसह आपले पूर्वीचे बेत एकेक करून तपासते, आणि थोडा अवधी व थोडे साहाय्य मिळाले तर त्यांतील एकही रद्द करावा लागत नाही.