एका बहिणीनें काढिलेलें चित्र

एखाद्याचें चित्र काढावयाचें तर तो मनुष्य समोर बसलेला असावा, असें आपणांस सहज वाटतें. परंतु आम्स्टरडॅम येथील राइक्सम्युझियम या संग्रहालयांत एका तरुणाचें असें चित्र आहे कीं, तें रंगविलें गेलें तेव्हां तो तरुण या जगांत नव्हता. त्याचें नांव मोझेस टेर बोर्ख. चित्र रंगविणारीं दोघें त्याचींच भावंडें : बहीण गेसिना व सावत्र भाऊ गेरार्ड.

हें कुटुंब नेदरलंड्समधील झ्वोले शहरचें. वडील स्वतः चित्रकार. मुलांस ते घरींच चित्रकला शिकवीत, आणि त्यांनीं काढिलेल्या चित्रांवर नांव व तारीख लिहून तीं जपून ठेवीत. गेरार्ड पुढें मोठा नांवाजलेला चित्रकार झाला. गेसिना (१६३१-१६९०) हिनें चित्रकलेचा धंदा केला नाहीं. ती अविवाहित राहिली, व घरच्या माणसांचीं आणि नित्याच्या प्रसंगांचीं चित्रें आपल्या वह्यांत काढीत राहिली. मोझेस हा सर्वांत धाकटा. त्याचा जन्म १६४५ सालचा. लहानपणीं त्यानेंही स्वतःचा चेहरा अनेक वेळां रेखाटला होता. पुढें तो आरमारांत शिरला. इंग्रज व डच यांच्या दुसऱ्या युद्धांत, १६६७ सालीं, इंग्लंडांतील हार्विचजवळच्या एका किल्ल्यावरील हल्ल्यांत तो पडला. वय अवघें बावीस.

आतां चित्राकडे वळूं. चेहरा मोझेसचा आहे. परंतु त्याच्याविषयीं जें सांगावयाचें तें भोंवतालच्या वस्तु सांगतात. शस्त्रें त्याचा शिपाईपणा दाखवितात. कवटी मरणाची आठवण देते. कुत्रे हे निष्ठेचें चिन्ह. आणि खडकास बिलगलेली आयव्ही नांवाची वेल बाराही महिने हिरवी असते. म्हणून ती मरणानंतरही न संपणाऱ्या गोष्टीची खूण होय. त्या काळचे डच लोक अशीं चिन्हें अक्षरांप्रमाणें वाचीत. एका बाजूस कवटी व दुसऱ्या बाजूस वेल, यांतच बहिणीचें दुःख आणि तिची आशा हीं दोन्ही आलीं आहेत.

या घराण्याचीं चित्रें व वह्या वंशजांनीं दोन शतकांहून अधिक काळ सांभाळिल्या. १८८७ सालीं त्यांतील मोठा भाग संग्रहालयाकडे आला. वडिलांनीं मुलांचे कागद टाकून दिले असते, किंवा बहिणीनें कुंचला हातीं घेतला नसता, तर बावीस वर्षांच्या एका खलाशाचा चेहरा आज कोणास ठाऊक असता? आपल्या घरांतील जुने कागद टाकण्यापूर्वीं आम्हीं सर्वांनीं एवढें मनांत आणावें.