पडवीतली फटफटी

एक नाणं घ्या. त्यावर वहीचा पातळ कागद ठेवा आणि पेन्सिल आडवी धरून वरून हलकेच घासा. नाण्यावरचा आकडा, सिंह, सगळं कागदावर उमटतं ना? हा खेळ तुम्ही पहिली-दुसरीत असताना नक्कीच खेळला असाल. आमच्या पनवेलच्या घरी माझ्या भाच्याने तो नववीत असताना खेळला, आणि त्यामुळे आमची ५० वर्षांहून जुनी फटफटी भंगारात जायची वाचली. ते कसं, ते सांगतोच. पण आधी त्या फटफटीची ओळख तर करून घ्या.

ही आहे जावा. माझ्या वडिलांनी १९६९ साली घेतलेली, मरून रंगाची, पेट्रोलच्या टाकीच्या दोन्ही बाजूंना चकाकता क्रोम. जावा हे नाव कॉफीवरून किंवा इंडोनेशियातल्या बेटावरून आलेलं नाही बरं का! झेकोस्लोव्हाकियातल्या यानेचेक नावाच्या कारखानदाराने १९२९ साली ‘वांडरर’ नावाच्या जर्मन कंपनीकडून मोटारसायकलचा आराखडा विकत घेतला. यानेचेकचं ‘या’ आणि वांडररचं ‘वा’. आपण त्याचं ‘जावा’ केलं. रुस्तम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरला ‘आयडियल जावा’ हा कारखाना काढला, आणि १९६१ पासून तिथे या गाड्या तयार होऊ लागल्या. पुढे १९७०च्या दशकात त्यांचं नाव बदलून ‘येझदी’ झालं. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. २०१८ मध्ये जावा नावाच्या गाड्या पुन्हा रस्त्यावर आल्या, पण त्या वेगळ्या. आमची म्हातारी म्हैसूरची.

तिच्या काही खोड्या भारी आहेत. गिअर टाकायचा दांडा आणि किक मारायचा दांडा एकच! आत दाबून वर वळवला की किक, परत खाली आणला की गिअर. सिलिंडर एक, पण सायलेन्सर दोन. आणि भूमितीच्या पुस्तकात वृत्तचितीचं घनफळ काढायला शिकवतात ते कशासाठी, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे गणित: सिलिंडरचा व्यास ६.५ सेंटिमीटर, पिस्टन वर-खाली जातो ते अंतर ७.५ सेंटिमीटर. काढा घनफळ. जवळजवळ २४९ घन सेंटिमीटर येतं. म्हणूनच हिला ‘अडीचशे सीसी’ची गाडी म्हणतात.

१९९१ मध्ये घरात स्कूटर आली आणि जावा मागच्या पडवीत जाऊन बसली. आधी तिच्यावर गोणपाट आलं, मग जुनी सायकल, मग रद्दी. बाबा गेल्यावर तर तिच्याकडे कुणी बघेना. आता पनवेलची हवा तुम्हाला माहीत आहेच. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि पावसाळ्यात सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. इथे कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे लोखंडाची काय कथा! एका दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला, त्याने गोणपाट उचललं आणि विचारलं, “मामा, ही चालू होईल?”

मी म्हटलं, “बघू.” या ‘बघू’मध्ये माझे दीड वर्षाचे रविवार गेले.

पहिले दोन रविवार आम्ही एकही नट खोलला नाही. भाचा वैतागला. पण मी त्याला फक्त फोटो काढायला आणि चित्रं काढायला लावली. कुठली वायर कुठून जाते, कुठल्या बोल्टाखाली दोन वॉशर आहेत, कुठे एकच. खोलणं सोपं असतं हो! जोडताना चार स्क्रू उरतात तेव्हा घाम फुटतो. आईने लोणच्याच्या आणि तुपाच्या रिकाम्या बरण्या दिल्या, भाच्याने प्रत्येकीवर कागद चिकटवला: ‘पुढचं चाक’, ‘कार्बोरेटर’, ‘डावं कव्हर’. एका बरणीवर ‘हे काय आहे?’ असंही लिहिलं होतं. ती बरणी शेवटपर्यंत भरत गेली.

इंजिन जाम होतं. किक खाली जाईचना. अशा वेळी जोर लावला की काहीतरी मोडतंच. आम्ही स्पार्क प्लग काढला, त्या भोकातून थोडं डिझेल आणि ऑइल आत सोडलं, आणि वाट बघितली. आठवडाभर! मग गाडी गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने थोडं पुढे, थोडं मागे. तिसऱ्या आठवड्याला आतून ‘चक्’ असा आवाज आला आणि पिस्टन हलला. भाच्याने एवढ्या जोरात आरोळी ठोकली की शेजारच्या काकू विळी हातात घेऊनच धावत आल्या.

या इंजिनाला टू-स्ट्रोक म्हणतात. पिस्टन वर जाताना डोक्यावरचं पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबतो आणि त्याच वेळी खालच्या पोटात नवं मिश्रण ओढून घेतो. वर ठिणगी पडली की स्फोट होतो, पिस्टन खाली ढकलला जातो. खाली येताना तो जळलेला धूर बाहेर जाऊ देतो आणि पोटातलं ताजं मिश्रण वर पाठवतो. एकदा वर, एकदा खाली, की काम फत्ते. पण गंमत अशी की पिस्टनला वंगण घालायला वेगळी सोय नसते. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. जुन्या गाड्यांना साधारण २५ भाग पेट्रोलला १ भाग, म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर.

बाबा पुण्याहून येताना बोरघाट उतरायचे, तेव्हा मी मागे बसलेला असे. उतारावर मध्येच ते अ‍ॅक्सिलरेटर जरासा पिळायचे. मला वाटायचं, शायनिंग मारतायत! आता कळलं. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर बंद ठेवला की पेट्रोल जवळजवळ बंद, म्हणजे ऑइलही बंद, आणि पिस्टन मात्र जोरात पळतोय. त्याला मधूनमधून घोटभर पाजावं लागतं. (दोन चाकांच्या गाड्यांना द्रुतगती मार्गावर बंदी आहे, त्यामुळे आजही जावा घेऊन पुण्याला जायचं तर जुन्या रस्त्यानेच, शिंगरोबाच्या देवळावरून.)

टाकीच्या आत गंजाचे पापुद्रे सुटले होते. आत हात जात नाही, ब्रश जात नाही. मग मूठभर छोटे नट आणि डिझेल आत टाकून टाकी हलवायची, ही मेकॅनिक लोकांची जुनी युक्ती. पण किती हलवणार? हात दुखून आले. भाच्याने टाकी ओटीवरच्या झोपाळ्याला बांधली आणि आईला म्हणाला, “आजी, तू बस आणि झोके घे.” आईने दुपारची पूर्ण मालिका बघेपर्यंत झोके घेतले. आतून खळ्ळ खळ्ळ आवाज येत होता आणि ती म्हणत होती, “तुझ्या आजोबांनी मला या गाडीवर एवढं फिरवलं नसेल!” चार वेळा धुतल्यावर डिझेल स्वच्छ निघालं. बुडाशी सुईएवढी दोन भोकं होती, ती बुजवायचं काम मात्र आम्ही जाणत्या कारागिराला दिलं. पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी आतली वाफ पेट घेते. तिला घरी डाग द्यायचा विचारही करू नका.

आणि हो, आई-बाबांनीही हे वाचावं. मुलांना पाना जरूर द्या, पण पेट्रोल आणि बॅटरीतलं अ‍ॅसिड मोठ्यांच्याच हाती असू द्या. इंजिन चालू असताना चेन आणि चाकाजवळ बोटं नकोत. बंद खोलीत इंजिन कधीही सुरू करू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. आमची पडवी तीन बाजूंनी उघडी, तरी आम्ही गाडी ढकलत अंगणात नेत होतो.

आता भांडणाची गोष्ट. भाच्याच्या डोक्यात गाडी ‘कस्टम’ करायची होती. मागचं मडगार्ड अर्ध्यात कापायचं, रंग मॅट काळा, आणि सायलेन्सरमधली जाळी काढून टाकायची म्हणजे आवाज कसा दणदणीत! त्याने वहीत सुंदर चित्रही काढलं होतं. मला ते आवडलं हे मी त्याला तेव्हा सांगितलं नाही.

सायलेन्सरचा प्रश्न लवकर सुटला. आतल्या भागाला बॅफल म्हणतात. टू-स्ट्रोक गाडीत धूर बाहेर जाताना थोडा अडतो, तेव्हाच ताजं पेट्रोल वाया न जाता आत राहतं. बॅफल काढलं की आवाज वाढतो आणि ताकद कमी होते! शिवाय असे कर्कश सायलेन्सर पोलीस काढून घेतात आणि रोडरोलरखाली चिरडतात. आम्ही बॅफल काढलं ते फक्त साफ करायला; त्यावर ऑइलच्या काजळीचा बोटभर थर होता. मडगार्डचा निकाल पावसाने लावला. भाचा मित्राच्या दादामागे कापलेल्या मडगार्डच्या गाडीवर बसून क्लासला गेला आणि पाठीवर मानेपर्यंत चिखलाचा पट्टा घेऊन परतला. वहीतलं चित्र त्याने स्वतःच खोडलं.

कायद्याचंही ऐका. कंपनीने गाडी जशी बनवली त्यापेक्षा वेगळी करून ती रस्त्यावर आणता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. नुसता रंग बदलला तरी आरटीओच्या पुस्तकात तशी नोंद करावी लागते. मग आम्ही बदललं काय? टायर-ट्यूब, सगळ्या केबल, सीटचा फोम, ब्रेकचे लायनर. एक आरसा नवा लावला. मूळची ६ व्होल्टची वायरिंग तशीच ठेवली. तिचा दिवा रात्री काजव्यासारखा लागतो, म्हणून अंधार पडायच्या आत घरी यायचं असा नियमच केला. रंग मरूनच.

आणि इथेच माझी चूक झाली. रंगाऱ्याला मी सांगितलं, “फ्रेम अगदी गुळगुळीत झाली पाहिजे.” त्याने इमानेइतबारे पुट्टी भरून, घासून, आरशासारखी केली. गाडी माझ्या नावावर करायची, नोंदणी नव्याने करून घ्यायची, म्हणून कागद काढले. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण. आमचं कधीच संपलं होतं. (२०२१च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. पण मग ती रोज वापरता येत नाही, आणि आम्हाला तर तिच्यावरून भाजी आणायची होती.) तपासणीत इंजिन नंबर आणि चासी नंबर पुस्तकातल्या नंबराशी जुळवतात. इंजिनचा नंबर होता. चासीचा, हँडलखाली फ्रेमच्या मानेवर ठोकलेला नंबर? तिथे नुसती मरून चकाकी!

नंबर नाही म्हणजे ही गाडी आमची, हे सिद्ध कसं करणार? चोरीच्या गाड्यांचे नंबर असेच घासलेले असतात. मला रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी रंग काढायचं औषध लावून, लाकडी पट्टीने, थोडं थोडं खरवडलं. अक्षरं दिसू लागली, पण धड वाचता येईनात. एक आकडा ३ की ८? टॉर्च मारला, भिंग लावलं. मला ८ दिसायचा, आईला ३. पुस्तकात ८ होता. तेव्हा भाच्याने चित्रकलेच्या वहीतला ट्रेसिंग पेपर आणला, मानेवर ताणून धरला आणि पेन्सिल आडवी घासली. एकेक आकडा पांढरा उमटत गेला. ८! दोन्ही गोल पूर्ण.

गंमत पुढेच आहे. तपासणीला गेलो तेव्हा साहेबांनीही कागद आणि पेन्सिलच मागितली. चासी नंबरचा ठसा असाच घेतात! भाच्याने खिशातून आपला कागद काढून दिला. त्यांनी तो पाहिला, हसले, आणि “मी माझा घेतो हं,” म्हणून स्वतः घासायला बसले.

दंड, पर्यावरण कर, सगळं रीतसर भरून पुस्तक हातात आलं. आता दर रविवारी सकाळी भाचा स्पार्क प्लग काढून बघतो. टोक चॉकलेटी असेल तर तब्येत ठीक. काळं, ओलं असेल तर ऑइल किंवा पेट्रोल जास्त. पांढरं पडलं तर धोका, इंजिन तापतंय. पॉइंटमधली फट ०.४ मिलिमीटर ठेवायची, तीही तोच पत्त्यांसारख्या पट्ट्यांच्या फिलर गेजने मोजतो. गाडी चालवायला त्याला अजून मिळत नाही. लायसन्स १८व्या वर्षी. पण हेल्मेट घालून मागे बसतो.

पहिल्यांदा कर्नाळ्याला निघालो तेव्हा आई दारात उभी राहून हात हलवत होती. सतराव्या किकला जावा सुरू झाली, निळा धूर, फट् फट् फट्. मी ऐटीत निघालो. एसटी स्टँडच्या अलीकडेच गाडी खोकली आणि बंद पडली. मी उतरून प्लग बघू लागलो, वायर बघू लागलो, कपाळावर घाम. भाचा शांतपणे वाकला आणि म्हणाला, “मामा, पेट्रोलचा कॉक उघडायचा राहिलाय.”