वेडेवाकडे दात: तार कधी, कोणती आणि किती दिवस?

‘सगळे दुधाचे दात पडू देत, मग बघू,’ असे आमच्या ओतूर परिसरातले बरेच पालक म्हणतात. मी दातांचा डॉक्टर नाही, पण तापाने आलेल्या मुलाचा घसा बघताना दातही दिसतातच. माझा सल्ला असा, की सातव्या-आठव्या वर्षी एकदा दाखवून घ्या. त्या वयात बहुतेकांना लगेच तार लागत नाही. पण वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या आत बसत असतील किंवा खालचा जबडा मागे राहिला असेल, तर ते लवकर कळलेले बरे. जबडा मागे असेल, तर साधारण दहा ते तेरा या वाढीच्या वयात काढता-घालता येणाऱ्या साधनाने त्याला वळण देता येते. वाढ संपल्यावर दोष मोठा असेल, तर कधी कधी शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

मूल तोंड उघडे ठेवून झोपते, घोरते? मग आधी नाक-घसा तपासून घ्या. नाकामागची ॲडिनॉइडची गाठ वाढलेली असू शकते. पाच-सहा वर्षांनंतरही अंगठा चोखत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

दात सरकतो कसा?

दातावर हलका, सतत दाब राहिला की दाबाच्या बाजूचे हाड विरघळते आणि मागे नवे हाड भरते. हा वेग महिन्याला साधारण एक मिलिमीटर. म्हणून दीड-दोन वर्षे लागतात. ‘तीन महिन्यांवर लग्न आहे, तोवर सरळ करा’ ही मागणी मुलींच्या घरून हमखास येते. घाईने जोर वाढवला तर दातांची मुळे झिजतात. लग्न होऊ द्या, उपचार नंतरही सुरू करता येतो. चाळिशीतही दात सरकतात, फक्त हिरड्या निरोगी हव्यात. मिश्री लावणाऱ्यांनी ती आधी सोडावी.

धातूची तार सर्वांत स्वस्त, आणि अवघड दातांनाही चालते. दाताच्या रंगाची सिरॅमिकची तार कमी दिसते, पण महाग असते आणि तिचे तुकडे लवकर उडतात. पारदर्शक अलाइनर दिवसाचे 20 ते 22 तास घालावे लागतात. जेवताना काढून पुन्हा घालायला विसरणाऱ्या मुलाला ते देऊ नयेत. एक्स-रे न काढता, फक्त घरी माप घेऊन अलाइनर पाठवणाऱ्यांपासून दूर राहा.

जागा कमी असेल तर उपदाढा काढायला सांगतात. वरचा दात काढल्याने डोळे अधू होत नाहीत. डोळ्याची नस वेगळी असते.

हे काम बीडीएसनंतर तीन वर्षे ऑर्थोडॉन्टिक्समध्ये एमडीएस केलेल्या तज्ज्ञाचे. पदवी विचारायला लाजू नका. खर्च परवडत नसेल तर दंत महाविद्यालयात साधारणपणे कमी पैशांत होते. पिंपरीचे डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालय आपल्याला आळेफाट्यावरून नाशिक रस्त्याने गाठता येते. मात्र दर चार ते सहा आठवड्यांनी खेप आहे. कांदा-टोमॅटोच्या हंगामात कोण नेणार, हे सुरुवातीलाच ठरवा. तार लावून खेपा चुकवल्या तर दात किडतात, आणि ते वाकड्या दातांपेक्षा वाईट.

हृदयाच्या झडपेचा आजार, मधुमेह, फिट्सच्या किंवा हाडांच्या ठिसूळपणाच्या गोळ्या चालू असतील, तर पहिल्याच भेटीत सांगा. तार असताना ऊस दाताने सोलणे आणि चिक्की बंद. पेरू बारीक फोडी करून खा. प्रत्येक जेवणानंतर ब्रश. तार टोचली तर डॉक्टरांकडचे मेण लावा. पक्कडीने घरी कापू नका.

तार निघाल्यावर पैसे आणि कष्ट वाया जातात ते रिटेनर न घातल्याने. दात जुन्या जागी परतू पाहतात. सुरुवातीचे महिने डॉक्टर सांगतील तितके तास, नंतर रात्री, तेही वर्षानुवर्षे. शाळेच्या डब्यात कागदात गुंडाळून ठेवलेला रिटेनर कचऱ्यात जातो. त्याची डबी वेगळी ठेवा, आणि गरम पाण्याने धुऊ नका, वाकतो.