शिसपेन्सिलीत शिसं नसतं!



मागच्या आठवड्यात आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईंनी सांगितलं, त्यांचा मुलगा दोन्ही टोकं तासलेली शिसपेन्सिल विजेच्या प्लगमध्ये घालायला निघाला होता. ताईंनी वेळीच हात धरला. दुसऱ्या ताई म्हणाल्या, "लाकूडच ना ते? त्यातून कुठला करंट येतोय!" त्याचंच उत्तर आज देते.

आजवर ११८ मूलद्रव्यं माहीत आहेत. त्यांतले बहुतेक धातू, अधातू वीसच्या आत. हे कसं ठरतं? आपल्या दौलताबाद किल्ल्यावरची मेंढा तोफ आठवा. ती धातूची. तोफेच्या दारूत मात्र सोऱ्याबरोबर गंधक आणि कोळसा मिसळायचे. गंधक अधातू, कोळशातला कार्बनही अधातू. धातूला चकाकी असते, ठोकला की तो पसरतो, त्यातून उष्णता आणि वीज वाहते. गंधकाचा खडा ठोकला तर भुगा होतो.

असं का? प्रत्येक अणूभोवती इलेक्ट्रॉन असतात. धातूचे अणू आपले बाहेरचे इलेक्ट्रॉन सैल सोडतात. आपल्या बचत गटासारखंच, सगळ्यांचा पैसा एका पेटीत आणि सगळ्यांमध्ये फिरता. हे फिरते इलेक्ट्रॉनच वीज नेतात. अधातूचे अणू इलेक्ट्रॉन घट्ट धरून ठेवतात. वाटून घेतले तरी शेजारच्या अणूपुरतेच, दोघी शेजारणींच्या उसनवारीसारखे. फिरायला काही उरतच नाही.

आता पेन्सिल. नावात शिसं असलं तरी आत असतं ग्रॅफाइट आणि माती. ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच, अधातू. पण त्याच्या प्रत्येक अणूच्या बाहेरच्या चार इलेक्ट्रॉनांपैकी तीन शेजाऱ्यांशी बांधलेले असतात आणि चौथा मोकळा फिरतो. म्हणून ग्रॅफाइटमधून वीज जाते. हिराही कार्बनच, पण त्यात चारही बांधलेले, म्हणून त्यातून वीज जात नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, नुसत्या नावावर विसंबू नका. मुलांचा हात पोचेल त्या प्लगवर झाकण बसवा. कुणाला करंट लागलाच तर हाताने ओढू नका, आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने त्या माणसाला तारेपासून दूर करा. काठी कोरडीच हवी, कारण ओल्या लाकडातून वीज येते.

आज घरी गेल्यावर मुलांना पेन्सिल दाखवून एवढं नक्की सांगा.